संकल्पपत्रात मेंदूदानाचा रकाना हवा: कोल्हापुरातील देहदान कार्यकर्त्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयाला खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील देहदान व नेत्रदान चळवळीतील सर्व कार्यकर्ते,
मा. अधिष्ठाता, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कोल्हापूर,
आणि जिल्ह्यातील ज्येष्ठ नागरिक संघांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

विनंती आधी मांडते, कारणे मागाहून सांगते. आपण देहदानाची आणि नेत्रदानाची संकल्पपत्रे भरून घेता, त्याच कागदावर मेंदूदानाचा एक स्वतंत्र रकाना असावा. आणि तो रकाना भरणाऱ्या व्यक्तीचा मेंदू मृत्यूनंतर काही तासांच्या आत काढून, शास्त्रीय पद्धतीने जतन करून, संशोधनासाठी पोहोचवण्याची सोय कोल्हापुरातच व्हावी. ‘काही तासांच्या आत’ या शब्दांवर माझा सगळा भर आहे. तो का, हे समजण्यासाठी पेशीतल्या एका प्रथिनाची हकिगत थोडी सविस्तर सांगावी लागेल, तेवढा धीर आपण धरावा. मी जीवरसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या थोरल्या बहिणीला अल्झायमर आहे, आणि हा विषय मी दोन्ही बाजूंनी पाहते आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या स्थितीत शरीर जेवढी ऊर्जा वापरते तिच्यातली सुमारे २० टक्के ऊर्जा एकट्या मेंदूला लागते. चेतापेशीतून संदेश गेला की तिच्या आतले-बाहेरचे सोडियम आणि पोटॅशियमचे प्रमाण बदलते आणि ते पूर्ववत करण्यासाठी पेशीच्या आवरणातले पंप अखंड चालू ठेवावे लागतात. खर्चाचा मोठा वाटा तिथे जातो. हे पंप एटीपी नावाच्या रेणूवर चालतात. एटीपीचा मोठा साठा करून ठेवण्याची सोय पेशीत नाही, त्यामुळे तो लागेल तसा तयार करावा लागतो. आपल्या शरीरात दिवसभरात तयार होणाऱ्या आणि खर्च होणाऱ्या एटीपीचे वजन जवळजवळ आपल्या स्वतःच्या वजनाइतके भरते. हे काम मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे शालेय पुस्तकांतल्या तंतुकणिकांत, चालते, आणि त्यातली शेवटची पायरी एटीपी सिंथेस नावाचे प्रथिन पार पाडते. १९९७ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना हे प्रथिन एटीपी कसे बनवते ते उलगडल्याबद्दल मिळाला, आणि उरलेला अर्धा भाग येन्स स्कू यांना वर सांगितलेला सोडियम-पोटॅशियम पंप शोधल्याबद्दल. ऊर्जा तयार करणारे आणि ती खर्च करणारे अशी दोन्ही प्रथिने एकाच वर्षी गौरवली गेली, हे वर्गात सांगताना मला नेहमी मौज वाटे.

एटीपी सिंथेस खरोखरीच फिरते. त्याच १९९७ साली जपानमधील संशोधकांनी या प्रथिनाला एक चमकणारा तंतू जोडून त्याचे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. राधानगरीच्या धरणात अडवलेले पाणी खाली येताना वीजगृहातले चक्र फिरवते, तसे तंतुकणिकेच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला साठलेले प्रोटॉन या प्रथिनातून पलीकडे जाताना त्याचा गाभा फिरवतात. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, बरीच वर्षे तिला विरोध झाला आणि १९७८ साली त्यांना नोबेल मिळाले. माणसाच्या पेशीत गाभ्याच्या एका पूर्ण फेरीला ८ प्रोटॉन लागतात आणि एका फेरीत एटीपीचे ३ रेणू तयार होतात. परंतु चक्र फिरून उपयोग व्हायचा असेल तर त्याच्या भोवतीचा भाग स्थिर राहावा लागतो. तोही चक्राबरोबर फिरू लागला तर पाणी वाहील, वीज होणार नाही. एटीपी सिंथेसच्या डोक्याचा भाग असा स्थिर राहावा म्हणून त्याला बाजूने एक दांडा असतो आणि तो दांडा वरच्या टोकाला डोक्याशी जोडणारा एक छोटा उपघटक असतो. त्या उपघटकाला ओएससीपी म्हणतात. माझे पत्र या छोट्या जोडाविषयी आहे.

२०१६ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील शाखेतील हेंग डू यांच्या गटाने ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. अल्झायमर झालेल्या व्यक्तींच्या, मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूच्या ऊतींमध्ये त्यांना ओएससीपीचे प्रमाण कमी आढळले. शिवाय अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड बीटा हे प्रथिन ओएससीपीला प्रत्यक्ष चिकटलेले दिसले. या आजाराची लक्षणे उत्पन्न होतील असे जनुकीय बदल केलेल्या उंदरांतही हेच चित्र होते. उंदरांच्या चेतापेशींत ओएससीपीचे प्रमाण पुन्हा वाढवले तेव्हा तंतुकणिकांचे काम सुधारले आणि चेतापेशींमधल्या जोडण्यांची हानीही कमी झाली. त्याआधी २००८ साली, डू ज्या गटात होते त्याच गटाने सायक्लोफिलिन डी नावाचे एक प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांच्या तंतुकणिका अमायलॉइडच्या माऱ्यापुढे अधिक टिकाव धरतात, असे दाखवले होते. आणि हे सायक्लोफिलिन डी एटीपी सिंथेसला जिथे जाऊन बसते ती जागा म्हणजे ओएससीपीच. धागे जुळत होते.

याला मागची पार्श्वभूमीही आहे. डेव्हिस पार्कर यांच्या गटाने १९९० साली अल्झायमरच्या रुग्णांच्या रक्तातील प्लेटलेटमध्ये, एटीपी सिंथेसच्या अलीकडच्या पायरीवर काम करणाऱ्या सायटोक्रोम ऑक्सिडेस या विकराची क्रिया मंदावलेली असल्याचे नोंदवले होते, म्हणजे बिघाड मेंदूबाहेरही दिसत होता. २००३ साली फ्रान्समधील संशोधकांना एटीपी सिंथेसचा दुसरा एक उपघटक, तंतुकणिका सोडून, टाऊ या अल्झायमरमध्ये चेतापेशींत साचणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाच्या गुंत्यांजवळ साचलेला आढळला. २००४ साली रसेल स्वर्डलो आणि शहरयार खान यांनी असा पक्ष मांडला की वयोमानाने होणाऱ्या अल्झायमरची सुरुवातच तंतुकणिकांच्या बिघाडातून होते आणि अमायलॉइड हा त्याचा परिणाम असतो. मेंदूचा ग्लुकोज वापर दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये, विस्मरणाची लक्षणे दिसण्याच्या आधीपासून, मेंदूच्या ठरावीक भागांत हा वापर घटलेला दिसतो, हेही पक्के आहे.

एवढे वाचून कोणाच्याही मनात येईल की रोगाचे मूळ सापडले. ते तसे नाही, आणि इथे मला आपले लक्ष अधिक हवे आहे. ओएससीपी कमी झाल्यामुळे चेतापेशी मरते, की मरू घातलेल्या चेतापेशीत ओएससीपी कमी होते? उंदरांवरच्या प्रयोगात प्रमाण वाढवून फायदा दिसला, म्हणून तिथे पहिली शक्यता बळावते. परंतु ज्या उंदरांत माणसाची रोगकारक जनुके घालून अमायलॉइड मुद्दाम वाढवलेले असते, त्यांच्यावरून सत्तरीतल्या माणसाविषयी निष्कर्ष काढताना जपून बोलावे लागते. सायक्लोफिलिन डी ओएससीपीला चिकटले की तिथून तंतुकणिकेच्या पडद्यात पेशीला घातक असे एक छिद्र उघडते, असे एक मत आहे; त्याविषयीही मतभेद आहेत. इटलीतील पाओलो बर्नार्डी यांच्या गटाने २०१३ साली एटीपी सिंथेसच्या जोड्याच हे छिद्र बनवतात असे मांडले, तर २०१७ साली खुद्द जॉन वॉकर यांच्या केंब्रिजमधील गटाने मानवी पेशींतून ओएससीपीसकट दांड्याचे उपघटक काढून टाकले, तरीही छिद्र उघडतच राहिले. नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञ आपल्याच प्रथिनाला एका आरोपातून सोडवतो आहे, असे हे प्रकरण होते, आणि अजून त्याचा निकाल लागलेला नाही.

औषधांचा अनुभवही सावध करणारा आहे. तंतुकणिकांना आधार देते असे मानले गेलेले डिमेबॉन हे रशियातले जुने ॲलर्जीचे औषध २००८ सालच्या चाचणीत इतके गुणकारी दिसले की मोठ्या आशा निर्माण झाल्या. २०१० साली तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत त्याचा काहीच उपयोग दिसला नाही. उलट दिशेचे उदाहरण जे-१४७ या रेणूचे. शेजारच्या सांगलीची हळद आपल्या स्वयंपाकघरात असल्यामुळे हे ऐकून कान टवकारतील, पण जे-१४७ हा हळदीतल्या कर्क्युमिनवरून प्रयोगशाळेत घडवलेला वेगळा रेणू आहे, हळद नव्हे. तो कुठे बसतो याचा शोध कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत लागला, २०१८ साली: एटीपी सिंथेसवर. आणि तिथे बसून तो त्याचे काम वाढवत नाही, किंचित कमी करतो. त्यामुळे पेशीची बचावयंत्रणा जागी होते आणि उंदरांत फायदा दिसतो. प्रथिनाचा वेग वाढवला म्हणजे मेंदू सुधारला, असे सरळ गणित नाही हे यावरून दिसते. राहिली स्वयंपाकघरातली हळद, तर कर्क्युमिनच्याच गोळ्या अल्झायमरच्या रुग्णांना २४ आठवडे देऊन झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत लाभ आढळला नाही.

हा तपशील मी मुद्दाम दिला, कारण या संशोधनाच्या आडून आपल्याकडे काय विकले जाते ते मी घरात पाहिले आहे. बहिणीचे निदान झाल्यावर एका दुकानात, तंतुकणिकांना बळ देणाऱ्या म्हणून, महागड्या कॅप्सूल आमच्या हाती ठेवण्यात आल्या. डब्यावर बारीक अक्षरात औषधी वापरासाठी नाही असेही छापलेले होते. अल्झायमरच्या रुग्णांना को-एन्झाइम क्यू हे तंतुकणिकांच्या कामाला लागणारे द्रव्य, आणि वेगळ्या गटाला ई व क जीवनसत्त्वासोबत लिपोइक ॲसिड, देऊन पाहिलेल्या १६ आठवड्यांच्या अमेरिकी चाचणीत को-एन्झाइम क्यूचा मेरुद्रवातील आजाराच्या खुणांवर काही परिणाम झाला नाही आणि जीवनसत्त्वांच्या गटात स्मृतीची घसरण उलट थोडी जलद झाली. हे २०१२ साली छापून आलेले आहे. पैसे गेले त्याचे दुःख मोठे नाही. पण ज्या प्रथिनाविषयी प्रश्न अजून उघडा आहे, त्याच्या नावाने उत्तर विकले जाते, याचा राग येतो.

आता मूळ मुद्द्याकडे. हा प्रश्न सुटायचा कसा? जिवंत माणसाच्या मेंदूतून ओएससीपी मोजता येत नाही. रक्ततपासणी आणि पेट स्कॅन यांनी अमायलॉइड, टाऊ आणि ग्लुकोजचा वापर यांचा अंदाज येतो. पण तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावरच्या एका छोट्या जोडाचे काय झाले, हे मेंदूची ऊती हाती असल्याशिवाय कळत नाही. २०१६ चा तो निबंधही मृत्यूनंतर मेंदू देणाऱ्या माणसांमुळे आणि त्यांच्या घरच्यांमुळे लिहिला गेला. खरे तर या आजाराची ओळखच एका दिलेल्या मेंदूतून झाली. ऑगस्टे डेटर ही बाई १९०६ साली फ्रँकफर्टमध्ये वारली, आणि अलोइस अल्झायमर तेव्हा म्युनिकला असल्यामुळे तिचा मेंदू त्यांच्याकडे तिकडे पाठवण्यात आला; त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी ट्युबिंगेन येथील सभेत आपली निरीक्षणे मांडली. तिच्या मेंदूच्या काचपट्ट्या १९९० च्या दशकात म्युनिकमध्ये पुन्हा सापडल्या आणि नव्या पद्धतींनी तपासल्या गेल्या. एकदा नीट जतन केलेली ऊती नव्वद वर्षांनीही उत्तरे देते.

पण सगळी ऊती सारखी नसते. हृदय थांबले की पेशींना प्राणवायू मिळणे बंद होते आणि सर्वात आधी ज्या गोष्टी बिघडतात त्यांत तंतुकणिका आहेत. अमायलॉइडच्या गाठी दुसऱ्या दिवशीही तशाच दिसतील, परंतु ऊर्जा तयार करणाऱ्या प्रथिनांची क्रिया मोजायची असेल तर मृत्यूपासून ऊती गोठवण्यापर्यंतचा काळ लांबला की निष्कर्षावरचा विश्वास कमी होतो. आजारामुळे घटलेले काय आणि उशिरामुळे घटलेले काय, हे वेगळे काढता येत नाही. म्हणूनच ॲरिझोनातील सन सिटी येथे १९८७ साली सुरू झालेल्या मेंदूदान कार्यक्रमाने हा काळ सरासरी ३ तासांच्या आसपास आणला, आणि नेदरलँड्सची १९८५ सालची मेंदूबँकही याच शिस्तीसाठी ओळखली जाते. तिथले वृद्ध लोक जगावेगळे नाहीत. जवळच सज्ज चमू आहे, रात्री उचलला जाणारा फोन आहे, आणि घरच्यांना आधीपासून माहिती आहे.

भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत १९९५ सालापासून राष्ट्रीय मेंदूबँक आहे. तिचे काम मोठे आहे, परंतु कोल्हापूरपासून बेंगळुरू सुमारे ६०० किलोमीटर आहे. रात्री अकरा वाजता राजारामपुरीत कोणाचे निधन झाले, तर मेंदू बेंगळुरूला पोहोचेपर्यंत काय उरेल, याचा विचार केला की मेंदू काढणे आणि गोठवणे हे काम कोल्हापुरातच व्हायला हवे, हे स्पष्ट होते. पाठवणी त्यानंतर, गोठवलेल्या स्थितीत, सवडीने करता येते. शासकीय महाविद्यालयाचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय शहराच्या मध्यभागी आहे. शवविच्छेदनाचे हात तिथे आहेत, विकृतिशास्त्राचा विभाग आहे. रूढ पद्धत अशी की मेंदूचा एक अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात आणि दुसरा अर्धा तुकडे करून उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवतात. म्हणजे लागणार आहे ते एक अतिशीत गोठणयंत्र, त्याला पर्यायी वीज, प्रशिक्षित दोन-तीन व्यक्ती आणि बेंगळुरूशी लेखी करार. अधिष्ठाता महोदय, हे सोपे आहे असे मी म्हणत नाही. पण करण्यासारखे आहे.

आपल्याकडचेच मेंदू कशाला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर या प्रथिनातच आहे. एटीपी सिंथेसचे बहुतेक उपघटक पेशीकेंद्रातल्या जनुकांवरून बनतात, ओएससीपीही त्यांपैकीच. पण दोन उपघटक तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात, आणि हा डीएनए फक्त आईकडून येतो. भारतीयांमध्ये निम्म्याहून अधिक लोकांत या मातृवंशीय डीएनएचा जो मोठा गट आढळतो, तो युरोपीय वंशाच्या लोकांत जवळजवळ नसतो; आणि या विषयावरची बहुतेक ऊती युरोपीय वंशाच्या दात्यांची आहे. दुसरे निरीक्षण २००७ सालचे: आईला अल्झायमर होता अशा निरोगी प्रौढांच्या मेंदूतला ग्लुकोजचा वापर, वडिलांना तो आजार होता अशांच्या तुलनेत, घटलेला आढळला. ओएससीपीचे जनुक मात्र २१ व्या गुणसूत्रावर आहे, आणि अमायलॉइडचे मूळ प्रथिन बनवणारे जनुकही त्याच गुणसूत्रावर. यावरून लगेच काही सिद्ध होत नाही. शेकडो जनुके तिथे शेजारी शेजारी आहेत. पण प्रश्न कुठून कुठे जातात ते दिसावे म्हणून सांगितले.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे. अमायलॉइड साफ करणाऱ्या नव्या प्रतिपिंड औषधांनी, उदाहरणार्थ लेकानेमॅबने, १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. अमायलॉइड हटूनही घसरण का चालू राहते, या प्रश्नापाशीच ऊर्जेचा विचार पुन्हा येतो.

कार्यकर्त्यांना माझे विशेष सांगणे असे की हा रकाना फक्त रुग्णांसाठी नाही. तुलनेसाठी निरोगी वृद्धांचे मेंदू तितकेच, किंबहुना अधिक, हवे असतात, आणि तेच सर्वात कमी मिळतात. कारण ज्याची स्मृती शाबूत आहे त्याला आपल्या मेंदूचा उपयोग काय, असे वाटते. १९८६ साली अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी सुरू केलेल्या अभ्यासात एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या ६७८ जोगिणींनी (नन) मृत्यूनंतर मेंदू देण्याचे कबूल केले होते. त्यांपैकी काहींच्या मेंदूत अल्झायमरच्या गाठी आणि गुंते भरपूर होते, तरी त्यांची बुद्धी शेवटपर्यंत तल्लख होती. अशा मेंदूंत ऊर्जेचे यंत्र टिकून राहिले होते का, हा ओएससीपीच्या दृष्टीने सर्वात मोलाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर फक्त निरोगी दाते देऊ शकतात. आपल्या जिल्ह्यातील ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळे आणि निवृत्त शिक्षकांच्या संघटना यांच्याइतकी नियमित भेटणारी, एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारी माणसे दुसरीकडे शोधायला नकोत. संमतीबरोबर दरवर्षी एकदा स्मृतीची साधी चाचणी नोंदवून ठेवली, तर त्या मेंदूचे मोल अनेक पटींनी वाढेल.

संमती वेळेत घ्यावी लागते, हे नेत्रदानापेक्षा वेगळे आहे. नेत्रदानाचा निर्णय घरच्यांना मृत्यूनंतरही घेता येतो आणि बहुतेक वेळा तसाच तो घेतला जातो. मेंदूदानात रुग्णाची स्वतःची इच्छा कळायची असेल, तर ती आजार पुढे जाण्याआधी विचारावी लागते. माझ्या बहिणीला ती आता विचारता येत नाही. तिच्या मुलांना तिच्या वतीने ठरवावे लागेल, आणि त्यांतला एक मुलगा अजून तयार नाही. त्याचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. म्हणून निदानाच्या पहिल्या महिन्यांतच, डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून, घाई न करता, दोन-तीन बैठकांत हे बोलावे, असे मला वाटते.

घरी गेल्यावर काय सांगायचे, तेही लिहिते. मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूने छेद घेऊन काढतात, चेहऱ्यात फरक पडत नाही, पार्थिव घरच्यांच्या स्वाधीन होते आणि पंचगंगेच्या घाटावरचे विधी नेहमीप्रमाणे करता येतात. घरच्यांना काही महिन्यांनी सूक्ष्मदर्शकीय अहवाल मिळाला पाहिजे, कारण हयातीत अल्झायमर म्हटलेल्या कित्येकांच्या मेंदूत मृत्यूनंतर रक्तवाहिन्यांचा आजार किंवा इतर प्रथिनांचे साचणे, एकटे किंवा एकत्र, आढळते. मुला-नातवंडांना ते कळण्याचा हक्क आहे. परंतु या दानातून औषध सापडेल, असे कृपया कोणालाही सांगू नका. एटीपी सिंथेस हे उत्तर आहे, असेही सांगू नका. एक सशक्त शंका आहे, तिच्या बाजूने काही पुरावा आहे, विरुद्धही काही आहे, आणि ती तपासण्यासाठी मेंदू हवे आहेत, इतकेच सांगा. कोल्हापूरची माणसे एवढ्यावर दान देतील, याबद्दल मला शंका नाही. फसवून घेतलेल्या संमतीवर मात्र चळवळ उभी राहत नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

एका अडचणीचे उत्तर फक्त महाविद्यालयच देऊ शकते. देहदान ज्या १९४९ सालच्या राज्य कायद्याच्या आधारे होते, त्याखाली मिळालेला देह विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी अखंड असावा, अशी शरीररचनाशास्त्र विभागांची रास्त अपेक्षा असते. मग मेंदू आधी काढलेला देह विभाग स्वीकारील का? स्वीकारणार असेल, तर संकल्पपत्रावर दोन्ही खुणा एकत्र करता येतील. नसेल, तर दात्याला दोहोंपैकी एक निवडावे लागेल आणि ते त्याला संकल्पपत्र भरतानाच स्पष्ट सांगावे लागेल, नाहीतर मृत्यूच्या रात्री रुग्णालयाच्या दारात घरच्यांची ओढाताण होईल. मी माझे देहदानाचे संकल्पपत्र यापूर्वीच भरलेले आहे आणि तुलनेसाठी लागणारा निरोगी मेंदू म्हणून माझेही नाव द्यायची माझी तयारी आहे, परंतु कोणत्या रकान्यावर खूण करावी ते मला ठरवता येत नाही. अधिष्ठाता महोदयांनी या प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे आणि कार्यकर्त्यांनी संकल्पपत्राची पुढची छपाई त्या उत्तरासाठी थोडी थांबवावी, ही विनंती.

आपली नम्र,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
कोल्हापूर